पोर पाठीवर, हात मोकळे

वेणीवालीला सुटे केस बघवायचे नाहीत. म्हंजे खरंच बघवायचे नाहीत, आपल्याला कसं लेकराच्या नाकाला शेंबूड दिसला की हात आपोआप जातो, तसा तिचा हात जायचा. जिन्यात भेटू दे, नळावर भेटू दे, भाजीच्या गाडीपाशी भेटू दे, बोलता बोलता तिची बोटं समोरचीच्या डोक्यात. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा केस नुसते गुंडाळले होते, आणि ही एवढी उंच काळीभोर बाई, अंगावर पिवळाधमक कपडा, माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बैठो." मी घाबरून पायरीवर बसलेच. तिने माझ्या बारीक बारीक वेण्या घातल्या, डोक्याला चिकटून, शेतातल्या सऱ्यांसारख्या. संध्याकाळी आमचे हे घरी आले ते हसून लोळायचेच बाकी राहिले. "हे काय, डोक्यात कांदे लावायचेत का?" पण खरं सांगू, कितीतरी दिवस डोकं हलकं होतं. बाळंतिणीचं डोकं किती जड असतं ते ज्या बाया बाळंत झाल्यात त्यांनाच माहिती.

ती आमच्याच मजल्यावर राहायची, गावठाणातली बिल्डिंग, तुमी बघितल्या असतील तशाच, एकाला एक चिकटलेल्या, वर पत्रा, जिन्यात चपला. तिच्याकडे तिच्या देशातल्या बाया वेण्या घालायला यायच्या, उलव्याहून, तळोज्याहून, आणि दिवस दिवस बसायच्या. गल्लीत सगळे तिला नायजेरियन म्हणायचे. ती म्हणायची, "नहीं भाई, घाना. घाना!" मग म्हणायची, "मैं तुमको नेपाली बोलूं तो चलेगा?" कोणाला फरक पडत नव्हता. नवरा कपड्यांचे गठ्ठे तिकडे पाठवायचा, कधीमधी यायचा. तिची दोन पोरं तिकडे आजीकडे होती. त्यांच्याशी ती फोनवर एवढ्या मोठ्याने बोलायची की आमच्या टीव्हीचं ऐकू यायचं नाही. शेजारी म्हणून काही लई सोपी नव्हती ती, खोटं कशाला बोलू. रविवारी तिची प्रार्थना सुरू झाली की टाळ्या आणि गाणी, आणि तिच्या मसाल्याचा ठसका उठला की अख्खा मजला शिंकायचा. मी एकदा दार वाजवून सांगितलं तर म्हणाली, "तुम्हारा बोंबील फ्राय होता है तब मैं बोलती क्या?" मी परत आले.

माझी परी शनिवारची. सासू गावाहून फोनवर सारखी म्हणायची, शनिवारची पोर, त्यात रंग बापावर गेलाय, कसं व्हायचं. साय लाव, बेसन लाव, हळद लाव. मी लावायची, मला पण वाटायचं थोडी उजळली तर बरं. वेणीवालीने विचारलं, कोणत्या वारी झाली? मी खाली मान घालून सांगितलं, शनिवार. तर ही बाई उड्या मारायला लागली. त्यांच्यात वारावरून नाव ठेवतात, कोणी काय पण नाव ठेवू दे, वाराचं नाव असतंच, आणि शनिवारच्या मुलीचं नाव आमा. हिचं पण तेच नाव. "ये भी आमा, मैं भी आमा! सॅटर्डे वाली सब मजबूत होती है." त्या दिवसापासून परी म्हणून तिने कधी हाक मारलीच नाही. दारात उभी राहून ओरडायची, "माय आमा किधर है?" आणि माझी पोर खुशाल त्या नावाला मान वळवायची. शनिवारची म्हणून कोणाला आनंद झालेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

परीच्या गालाला मी काजळाची तीट लावायची. ते बघून तिने विचारलं हे काय. मी सांगितलं, काळं लावलं की नजर लागत नाही. ती अशी हसली की खालून मालकीण काकी ओरडल्या. "काला लगाने से नज़र नहीं लगती? फिर मैं तो फुल सेफ!" आणि स्वतःच्या दंडावर हात घासून परीच्या गालाला लावायची, म्हणायची, ले, खूब सारा लगा दिया.

आणि ते पाठीवर बांधणं. परी एवढी रडकी होती की मला जेवायला मिळायचं नाही, एका हातात पोर, एका हाताने चपाती लाटायची, ती कसली गोल होते. वेणीवाली एक दिवस आली, वाकली, पोर पाठीवर पालथी टाकली, वरून कपडा फिरवला, एकदा काखेखालून, एकदा छातीवर गाठ, आणि सरळ उभी राहिली. माझा जीव वरच्या वर. पण परी गप! गाल तिच्या पाठीला लावून झोपली पण. "बच्चा पीठ पे, हाथ फ्री," ती म्हणाली आणि माझ्या हातातून लाटणं घेतलं. तिची चपाती पण गोल झाली नाही ते सोडा. मग तिने मला शिकवलं. गाठ सोडताना आधी एक हात मागे पोरीच्या बुडाखाली, मग गाठ. हात न घालता गाठ सोडली तर पोर सरळ खाली. हे ती मला दहादा बजावायची, माझ्या हातावर चापट मारून, "पहले हाथ! पहले हाथ!"

गल्लीत तिला काय काय म्हणायचे ते लिहायला पण लाज वाटते. मालकीण काकींचा भाचा दाद्या, दिवसभर बुलेटवर बसलेला, तो तर रोज काहीतरी. "ए, लाइट गेली की दात दाखव, नायतर धडकू आमी." तिला तेवढी हिंदी येत होती. म्हणाली, "मैं अंधेरे में नहीं दिखती, तू काम पे कभी नहीं दिखता." सगळे कट्ट्यावरचे हसले, दाद्याच्या मित्रांनी टाळ्या दिल्या, दाद्या पण हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी बघितले. मी तिला म्हटलं, कशाला तोंडाला लागतेस. म्हणाली, नहीं बोलूं तो बोलेगा गूंगी भी है.

एक मालकीण काकीच होत्या ज्यांचं तिच्याशी जमायचं, ते पण सुक्या मासळीवरून. काकी इथल्याच, आगरी, सासरे मिठागरात होते, आता तीन बिल्डिंगा. सारसोळ्याहून सुके बोंबील, सुकट आणली की काकी जिन्यातून हाक मारायच्या, "काले बाय, ये गो, वास घेऊन बग, ताजा हाय." आणि ही खरंच एक एक बोंबील नाकाला लावून बघायची, आणि दोघी भांडायच्या, एक आगरीत, एक तिच्या भाषेत, आणि दोघींना सगळं समजायचं. काकी मला म्हणायच्या, "रंग सोडला तं आपल्यातलीच हाय ती." रंग सोडला तर. मी तेव्हा हसले होते.

मग ते मेसेज यायला लागले. तुमच्या पण मोबाईलवर आले असतील. पोरं पळवणारी टोळी उतरली आहे, बाया आहेत, गुंगीचं औषध देतात, पोटाला बांधून नेतात, पुढे पाठवा. कुठला तरी व्हिडिओ, कुठल्या तरी गावचा, एक बाई रडते आहे. मी घाबरट आहे, आधीपासून आहे, नववीतून शाळा सुटली तेव्हापासून मला जे कोणी मोठ्याने सांगेल ते खरं वाटतं. मी दाराला आतून कडी, वर कुलूप. आमचे हे कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात, सकाळी गेले की संध्याकाळी. मी दिवसभर पोर कुशीत घेऊन बसायची. तेव्हा कोण यायचं माझ्याकडे? वेणीवाली. बाहेरून ओरडायची, "खोलो, चोर नहीं, आमा!" मी कुलूप काढायची.

त्यात मला ताप भरला. असा की उभी राहिले की भिंत फिरायची. परीला दात येत होते, ती किंचाळत होती, मला तिला उचलता येईना. भर दुपार. वेणीवाली आली, माझ्या कपाळाला हात लावला, म्हणाली, मैं मेडिकल से गोली लाती हूं, बच्चा ले जाती हूं, तू सो. तिने परीला पाठीवर टाकलं, तोच पिवळा कपडा, गाठ मारली. दारातून वळून म्हणाली, "बाल बांध, पागल लगती है." मी बांधले नाहीत. मला उठवतच नव्हतं.

पुढचं मी काही बघितलं, काही नंतर कळलं. मेडिकलपाशी, ओपन जिमच्या कोपऱ्यावर तिला कोणीतरी थांबवलं. पोर रडतेय, कोणाची आहे? ती म्हणाली, मेरी फ्रेंड की. नाव काय पोरीचं? ती म्हणाली, आमा. काय सांगणार दुसरं, तिला ती आमाच होती. तिथे दाद्या होता. त्याने परीला जन्मल्यापासून बघितलेलं, बारशाचे पेढे खाल्लेले, वेणीवाली पोरीला रोज पाठीवर घेऊन फिरते ते पण रोज बघितलेलं. तो ओरडला, "ए, ही आमच्या वरच्या ताईची परी आहे! ही खोटं नाव सांगते!" बघा, माहिती होतं त्याला. माहिती होतं म्हणून वाचायला पाहिजे होती ती. माहिती होतं म्हणूनच मार पडला.

काकींनी माझं दार बडवलं, "आगं तुजी पोर धरली! खाली धाव!" मी गाऊनवर, अनवाणी. एवढी माणसं आमच्या गल्लीत राहतात हे मला माहीत नव्हतं. आणि मी गर्दीत घुसताना कानाने ऐकलं, एक चांगला शर्टबिर्ट घातलेला माणूस दुसऱ्याला समजावून सांगत होता, हिशोब सांगितल्यासारखं, "अहो, बाई एवढी काळी, पोर गोरी. हिची कशी असेल?" गोरी! माझी परी. जिला जन्मल्यापासून सासू काळी म्हणते, नणंद काळी म्हणते, मी बेसन लावून लावून जिची कातडी सोलायची बाकी ठेवली, ती पोर त्या दुपारी एका मिनिटात गोरी झाली. कोणाच्या तरी पाठीवर होती म्हणून.

मी ओरडत होते, माझी आहे, मीच दिली, सोडा तिला. एका बाईने मला मिठी मारली. घट्ट. "घाबरू नको गं ताई, वाचली तुझी पोर, देव पावला." मी म्हणते सोडा, ती म्हणते रड, रडून घे. दुसरीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कोणीतरी म्हणालं, हिला पण गुंगीचं दिलंय, डोळे बघा कसे लाल. मला सगळे एवढी माया लावत होते ना, की मला एक पाऊल पुढे जाता येत नव्हतं. आणि त्या मायेच्या चार हात पुढे तिला मारत होते.

ती पडली नव्हती. तेच मला अजून दिसतं. पाठ भिंतीला लावली तर परी चिरडेल, पाठ लोकांकडे केली तर परीला लागेल, म्हणून ती तोंड लोकांकडे करून उभी होती, थोडी वाकून. आणि दोन्ही हात छातीवर, गाठीवर. "गाठ सोड, गाठ सोड" सगळे ओरडत होते, कोणी कपडा ओढत होतं, कोणी वेण्या. ती सोडत नव्हती. त्यांना वाटलं पोर सोडत नाही. मला माहिती होतं, पाठीमागे हात घालायला तिला जागा नव्हती. पहले हाथ, मग गाठ. म्हणून तिने गाठ धरून ठेवली, आणि तोंड झाकायला हात उरलाच नाही.

काकीच घुसल्या शेवटी. म्हातारी बाई, पण शिव्या अशा की माणसं बाजूला झाली. "मेल्यांनो, आया-बहिनी नाय का तुमाला, पोर मरंल!" दाद्याच्या कानाखाली तिथेच एक दिली. आणि मागून परीच्या बुडाखाली हात घातला. वेणीवालीला तो हात कपड्यातून कळला असणार. तेव्हा तिने गाठ सोडली, आणि मग खाली बसली. परीला खरचटलं पण नव्हतं. तीट पण तशीच होती गालाला.

चौकीत पहिलं तिला विचारलं, पासपोर्ट कुठे, व्हिसा कुठे. तोंडातून रक्त येतंय आणि ही पिशवीतून कागद काढते. मारणाऱ्यांचं काहीच विचारलं नाही आधी. मी ताप अंगात घेऊन बाकड्यावर बसले होते, आमचे हे कळंबोलीहून आले, माझ्या कानात म्हणाले, तू फक्त पोर मी दिली एवढंच सांग, बाकी गर्दी होती म्हण, आपल्याला इथे राहायचंय. मला पण तेच पाहिजे होतं, मी खरंच घाबरले होते. पण साहेबांनी विचारलं, "कोण होतं, ओळखता का कोणाला?" आणि मी वेणीवालीकडे बघितलं. तिच्या डोक्यावर एका बाजूला वेण्याच नव्हत्या. नुसती लाल जागा होती. मी दाद्याचं नाव सांगितलं. आणि वेण्या ओढणाऱ्या त्या दुधवाल्याच्या पोराचं. आमचे हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

काय झालं त्याचं? काही नाही झालं. दोघांना बोलावलं, बसवलं, संध्याकाळी ते परत कट्ट्यावर. गल्लीत मात्र सगळ्यांना उत्तर पाठ झालं होतं, शाळेतल्या कवितेसारखं. रंगाचा काय संबंध? अफवाच तशी होती, कोणी पण असतं तरी मारलं असतं. काकी पण तेच म्हणाल्या, ज्यांनी सोडवलं त्यांनीच. "लोकांना राग आला गो, रागाला रंग नसतो." आमचे हे म्हणाले, मी काय गोरा आहे का, मला कोणी मारलंय का? खरंय, हे काळेच आहेत, लोखंड उचलून उचलून अजून काळे झालेत. पण ते आपल्यातलं काळं. त्याला सासू फक्त नावं ठेवते. त्याला कोणी थांबवून पोर कोणाची विचारत नाही.

वेणीवाली एकदाच आली परत, सामान न्यायला. बरोबर तिच्या दोन मैत्रिणी होत्या, जिन्यात उभ्या, इकडे तिकडे बघत. डोक्याला फडकं बांधलेलं. मी तिचा पिवळा कपडा धुवून ठेवला होता, गाठीच्या जागचा रक्ताचा डाग गेला नव्हता, तिच्यासमोर धरला. ती म्हणाली, "रख. आमा का है." मला खूप काही बोलायचं होतं, पण माझी हिंदी कमी पडते आणि त्या दिवशी मराठी पण कमी पडली. परी माझ्या कडेवर होती, केस सुटलेले, डोळ्यावर आलेले. वेणीवालीने बघितलं. तिचा हात वर आला, अर्धा. मग तिने जिन्याकडे बघितलं, खाली कोण उभं आहे का, आणि हात परत खाली नेला. पोरीला हात न लावता गेली. परी तिच्या मागे हात पसरून ओरडत होती आणि ती एकदा पण वळली नाही. कुठे गेली, तिच्या देशात गेली की इथेच कुठे आहे, मला माहीत नाही. फोन लागत नाही.

काकींनी मला खोली खाली करायला सांगितली. वाईट नाही बोलल्या, माझा हात हातात घेऊन बोलल्या. "माज्या भाच्याचं नाव तू चौकीत घेतलंस, आता तू माज्या दारात कशी राशील, तूच सांग." आमी कळंबोलीला खोली बघितली.

काल निघालो. हे सामानाचा टेम्पो घेऊन सकाळीच पुढे गेले, मी राहिलेलं झाडून, पुसून, चावी देऊन निघाले. दोन हातात दोन पिशव्या, एकीत भांडी, एकीत देव. परीला कोणाकडे देणार? मी तो पिवळा कपडा काढला, वाकले, तिला पाठीवर टाकलं, काखेखालून फिरवला, छातीवर गाठ. माझे केस सुटले होते ते पण बांधायचं सुचलं नाही. परीला आणखी दात येत होते, ती किंचाळत होती, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. मेडिकलवरून गेले. ओपन जिमच्या कोपऱ्यावरून गेले. समोरच्या टॉवरमधल्या एक मॅडम थांबून म्हणाल्या, "वॉव, किती क्यूट बांधलंय, मला पण शिकव ना!" तो शर्टवाला माणूस दुधाची पिशवी घेऊन चालला होता, त्याने बघितलं पण नाही. कट्ट्यावर दाद्या होता, बुलेटवर. मला बघून जरा चुळबुळला, मग उतरला, आणि खाली बघत म्हणाला, "ताई, हात मोकळे नाहीत तुझे, पिशवी घेऊ का स्टॉपपर्यंत?"

मी पिशवी दिली नाही. चालत राहिले. मी खरं तर वाट बघत होते. परी रडत होती, कपडा तोच होता, गाठ तीच होती, डाग पण होता. स्टॉप आला तरी कोणी विचारलं नाही, पोर कोणाची म्हणून.